बारावं पान: कॉलेजात नव्याने इंग्रजी वाचायला घेताय तर पुस्तक कसं निवडायचं

मागच्या वर्षी एफवायचा एक मुलगा, सुरगाण्याकडचा, लेक्चर संपल्यावर थांबला आणि बॅगेतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. श्रीमंत कसं व्हायचं, मन कसं जिंकायचं असल्या टाइपचं, फुटपाथवर दीडशेला मिळतं तसलं. म्हणाला मॅडम दोन महिने झाले, पुढे सरकतच नाहीये. मी उघडून बघितलं तर पहिल्या पानापासून प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले, काही ओळींवर तर पाच-पाच, आणि हे असं अकराव्या पानापर्यंत. बाराव्या पानापासून पुढे पुस्तक कोरं करकरीत.

हे बारावं पान मला दरवर्षी दिसतं. पुस्तक वेगळं असतं, पान कधी सातवं असतं कधी विसावं, पण पेन्सिल कुठेतरी थांबलेली असतेच. आणि मग पोरं ठरवून टाकतात की आपल्याला इंग्रजी जमणार नाही, आपलं डोकंच नाही त्याला. अरे बाबांनो डोक्याचा काही संबंध नाही, पुस्तक चुकलंय. पहिलीच्या पोराला कुणी कळसूबाईच्या शिड्यांवरून चालायला शिकवतं का?

मी नाशिकलाच तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमातली, दिंडोरी, पेठ, कळवण, निफाड, सिन्नर कुठून कुठून येतात, बारावीला इंग्रजीत पास झालेली असतात पण अख्खं पुस्तक म्हणून इंग्रजीत कधीच वाचलेलं नसतं, गाईड वाचलेलं असतं. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय, आणि मुक्त विद्यापीठातून डिग्री करत सातपूर-अंबडला शिफ्ट मारणारे जे आहेत त्यांच्यासाठी पण, त्यांना तर विचारायला समोर मास्तर पण नसतो. इथे फक्त वाचायचं काय आणि ते निवडायचं कसं एवढंच आहे, बोलणं सुधारणं वगैरे वेगळा विषय.

पायरी १: आधी शंभर शब्द मोजा

पुस्तक हातात घेतलं की कव्हर बघू नका, मागचं कौतुक वाचू नका, मधलं कुठलं तरी पान उघडा. पहिलं पान नको, कारण पहिलं पान लेखकाने मुद्दाम चांगलं केलेलं असतं. तिथून शंभर शब्द मोजा, छोट्या अक्षरातल्या पुस्तकात साधारण दहा ओळी होतात. आता वाचा आणि ज्या शब्दाला अडलात तिथे एक बोट मिटा. माणसांची, गावांची नावं धरायची नाहीत. आणि स्वतःशी खोटं बोलायचं नाही, म्हणजे कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय पण अर्थ सांगता येत नाही तर बोट मिटायचं.

दोन बोटं किंवा कमी, तर पुस्तक तुमचं, घरी न्या. तीन ते पाच, तर कुणी सोबत असेल, वर्गात शिकवत असतील, मित्राबरोबर बसून वाचणार असाल तर ठीक, एकट्याने दमाल. पाचाच्या वर गेलं की ठेवून द्या परत.

हे दोनचं गणित माझं नाही. न्यूझीलंडचे भाषासंशोधक पॉल नेशन आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी यावर बरंच काम केलंय आणि तिथे येणारा आकडा हाच, डिक्शनरीला हात न लावता समजून वाचायचं तर १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे पाहिजेत, आणि ९५ असतील तर मदत मिळाल्यावर निभावतं. ९५ टक्के ऐकायला डिस्टिंक्शन वाटतं पण तीनशे शब्दांच्या पानावर त्याचा अर्थ पंधरा अडणारे शब्द, म्हणजे दर दोन ओळीला एक खड्डा. आपला तर रोजचा अनुभव आहे, कुंभमेळ्यासाठी रस्ते उकरलेत तिथून गाडी चालवून बघा, पोचतो आपण पण आजूबाजूचं काहीएक दिसत नाही, सगळं लक्ष खड्ड्यात.

नेशन यांनीच २००६ मध्ये असंही दाखवलं की मोठ्यांसाठी लिहिलेली साधी कादंबरी किंवा पेपर असा बिनामदतीचा वाचायचा तर ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे हेल्प, हेल्पफुल, हेल्पलेस, हेल्पर हे सगळं एकच घर धरायचं. बारावी करून आलेल्या आपल्या मुलांकडे किती घरं असतील ते मी सांगत नाही, पण ८ हजार नसतात एवढं नक्की. त्यामुळे कुणी सांगितलं की डायरेक्ट कादंबरी घे, झेप घे, आपोआप येईल, तर त्या माणसाला मान द्या आणि ऐकू नका.

त्या मुलाला मी तिथेच बाराव्या पानावर शंभर शब्द मोजायला लावले. चौदा अडले. तो म्हणाला एवढेच? मी म्हटलं एवढेच म्हणजे सातपट.

यात अजून एक मजेची गोष्ट आहे जी मला स्वतःला फार उशिरा कळली. हे दोन टक्क्यांचं शहाणपण आपल्याच उपखंडात सुचलेलं आहे. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्याला होता, तिथल्या शाळेतली पोरं इंग्रजी वाचताना अशीच अडकताना त्याने बघितली आणि त्याच्या लक्षात आलं की पुस्तकातच घोळ आहे, प्रत्येक ओळीत नवा शब्द, आणि तोही असा की परत कधी भेटणारच नाही. मग त्याने पुस्तकं नव्याने लिहायला घेतली, जुनाट शब्द काढून रोजचे घातले, नवा शब्द पेरायचा तर पन्नास शब्दांत एखादाच, आणि तो पुढे परत परत भेटेल असा. पन्नासात एक म्हणजे शंभरात दोन, बघा. पुढे १९५३ मध्ये त्याने साधारण २००० सगळ्यात उपयोगी शब्दांची यादी काढली, ती अजून लोक वापरतात. आज ज्याला ग्रेडेड रीडर म्हणतात ती पातळ पुस्तकं या वाटेवरची.

पायरी २: ग्रेडेड रीडर शोधा, आणि संक्षिप्तवाल्यांपासून लांब राहा

ग्रेडेड रीडर म्हणजे शब्द मोजून लिहिलेली गोष्टीची पुस्तकं. पातळ असतात, साठ-ऐंशी पानं, मागे किंवा आत स्टेज लिहिलेली असते. उदाहरणार्थ ऑक्सफर्डची बुकवर्म्स मालिका घ्या, त्यात स्टेज १ ला ४०० मूळ शब्द, २ ला ७००, ३ ला १०००, ४ ला १४००, ५ ला १८०० आणि ६ ला २५००. केंब्रिज, मॅकमिलन, पेंग्विन यांच्या पण अशा मालिका आहेत, पण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी, एकाची लेव्हल ३ म्हणजे दुसऱ्याची लेव्हल ३ नव्हे, म्हणून नंबरावर न जाता बोटं मोजा.

माझ्या अंदाजाने मराठी माध्यमातून आलेला एफवायचा मुलगा स्टेज २ किंवा ३ ला बसतो. तुम्हाला ३ जमतंय असं वाटलं तर २ पासून सुरू करा. खरंच सांगते, पहिली दोन-तीन पुस्तकं लाज वाटेल इतकी सोपी पाहिजेत, कारण तुम्हाला आत्ता शब्द शिकायचे नाहीत, तुम्हाला इंग्रजी पुस्तक संपवायची सवय लावायचीये, शेवटचं पान उलटल्यावर कसं वाटतं ते एकदा कळलं पाहिजे. स्टेज १ चं पुस्तक साधारण पाच-सहा हजार शब्दांचं असतं, तुम्ही मिनिटाला शंभर शब्द अशा बैलगाडीच्या स्पीडने वाचलंत तरी रोज पंधरा मिनिटांत चार दिवसांत संपतं.

नवी घ्यायला गेलात तर पानांच्या मानाने महाग वाटतात, आणि एकदा वाचून झालं की झालं, म्हणून लायब्ररी. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत विचारा, केटीएचएम असो, एचपीटी असो, बिटको असो, कुठलंही असो, पण काउंटरवर ग्रेडेड रीडर आहेत का असं विचारलंत तर बऱ्याचदा नाही असं उत्तर येतं कारण ती त्या नावाने लावलेली नसतात, इंग्रजी कादंबऱ्यांच्या कपाटात जाड्या पुस्तकांच्या मध्ये दबलेली असतात. स्वतः आत जाऊन पातळ कणा बघत फिरा. दुसरं ठिकाण म्हणजे टिळक पथावरचं सावाना, सार्वजनिक वाचनालय, १८४० सालचं आहे, म्हणजे आपल्या पणजोबांच्या आधीपासून नाशिककर तिथून पुस्तकं नेतायत. मेंबर व्हा, आणि मोठ्यांच्या इंग्रजी कपाटाआधी मुलांची पुस्तकं कुठे आहेत ते विचारा. कोण बघतंय.

आता संक्षिप्तवाल्यांचं. मी स्वतः एसवायला असताना एका जुन्या पुस्तकवाल्याकडून दहा जगप्रसिद्ध कादंबऱ्यांचा संक्षिप्त सेट घेतला होता, महिन्याभराचे वडापावचे पैसे वाचवून. पातळ पुस्तकं बघून वाटलं सोपी असणार. पहिल्याच्या पहिल्या पानावर मी आडवी. एक तर छपाई अशी की एका पुस्तकात ३२ नंतर डायरेक्ट ४९ वं पान, नायिका ३२ वर रडतेय आणि ४९ वर तिचं लग्न झालेलं, मधलं देवाला माहीत. पण खरा घोळ वेगळा होता, तो मला शिकवायला लागल्यावर कळला. संक्षिप्त म्हणजे फक्त कापलेलं. पाचशे पानांची दीडशे पानं केली, पण राहिलेल्या पानांवर वाक्यं तीच, दीडशे वर्षांपूर्वीची, अर्धा पान लांब. उलट कापाकापीत मधले दुवे गेल्यामुळे मूळ पुस्तकापेक्षा जास्त अवघड. ग्रेडेडमध्ये भाषाच नव्याने लिहिलेली असते. म्हणून पातळ आहे की जाड यावर काही ठरवू नका.

फोनवर फुकट मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांना पण हेच लागू. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून चालू आहे, कॉपीराइट संपलेली पुस्तकं एक पैसा न देता उतरवता येतात, सुंदर काम आहे, पण कॉपीराइट संपलेली म्हणजे जुनी, आणि जुनी म्हणजे भाषा जुनी. एमएला जाल तेव्हा त्याला नमस्कार कराल, आत्ता नको.

पायरी ३: जे मराठीत आधीच माहितीये ते इंग्रजीत वाचा

ही पायरी मला सगळ्यात जवळची आहे आणि यावर एक रुपया खर्च होत नाही.

बालभारती तीच पाठ्यपुस्तकं मराठीत पण काढतं आणि इंग्रजी माध्यमासाठी इंग्रजीत पण. तुम्ही इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, परिसर अभ्यास हे मराठीत वाचून पास झालेले आहात. त्याचंच इंग्रजी माध्यमाचं पुस्तक घ्या. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत, नाहीतर रद्दीवाल्याकडे मे-जूनमध्ये जा, ढीग असतो, किलोवर देतो.

याने काय होतं ते सांगते. चौथीचा शिवरायांचा इतिहास आपल्याला झोपेत विचारला तरी येतो. पन्हाळ्याचा वेढा म्हटलं की पुढचं सगळं डोळ्यासमोर, पाऊस, पालखी, घोडखिंड. आता तोच प्रसंग इंग्रजीत वाचताना सीज हा शब्द आला, आधी कधी बघितलेला नाही, पण पन्हाळ्याला दुसरं काय पडणार, वेढाच. डिक्शनरी लागलीच नाही. आग्र्याच्या प्रसंगात एस्केप येतो, तहात ट्रीटी येतो, आणि हे शब्द एकदा येऊन जात नाहीत, त्या पुस्तकात पावलोपावली किल्ले आहेत त्यामुळे वेढे आणि तह पण पावलोपावली. नवा शब्द डोक्यात बसायला तो दहा-बारा वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो असं म्हणतात, इथे तो बिचारा स्वतःहून भेटायला येतो.

आणि वर बोटं मिटायचा जो नियम सांगितला तो इथे थोडा सैल करा. गोष्ट माहिती असेल तर शंभरात चार-पाच शब्द अडले तरी चालतं कारण अर्थ आधीच तुमच्याकडे आहे, फक्त शब्द नवा आहे.

अडचण एकच, लाज. कॉलेजातल्या मुलीने चौथीचं पुस्तक वाचायचं? माझ्याकडे एक मुलगी होती, नाशिकरोडहून सिटीलिंकने यायची, तिने पुस्तकाला पेपरचं कव्हर घातलं आणि वर मार्करने अकाउंट्स असं लिहिलं. पूर्ण सेमिस्टर ती बसमध्ये अकाउंट्स वाचत होती. चौथी, मग सहावीचं भूगोल, मग आठवीचं इतिहास-नागरिकशास्त्र. तिसऱ्या महिन्यात तिने मला विचारलं की मॅडम पार्लमेंटचं जे इंग्रजीत वाचलं ते मला मराठीत वाचलं तेव्हापेक्षा जास्त कळलं असं कसं काय. मराठीत तिने ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं, वाचलं पहिल्यांदाच होतं.

सायन्सवाल्यांपैकी जे सेमी इंग्लिशचे आहेत त्यांनी गणित-विज्ञान सोडून बाकीचे विषय घ्या, कारण ते तुम्ही इंग्रजीत बघितलेच नाहीत आणि गोष्टीसारखी वाक्यं तिथेच असतात. विज्ञानाच्या पुस्तकात व्याख्या आणि आकृत्या जास्त, वाहतं गद्य कमी.

अजून सोपं पाहिजे असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर आहे फोनवर, फुकट, गोष्टींना १ ते ४ लेव्हल दिलेली असते आणि बऱ्याच गोष्टी मराठीत पण असतात इंग्रजीत पण. लेव्हल ४ ची गोष्ट इंग्रजीत आधी, मग मराठीत तपासायची. उलट करू नका, आळस वाढतो.

पायरी ४: पेपर, पण अख्खा नाही

प्रत्येक सर सांगतात रोज इंग्रजी पेपर वाचा. कुठलं पान ते कुणी सांगत नाही. मग मुलं अग्रलेखाला भिडतात आणि तिसऱ्या दिवशी पेपर फक्त डब्याखाली अंथरायला.

अग्रलेख, परराष्ट्र धोरण, शेअर बाजार हे सोडा. फक्त नाशिकच्या बातम्या वाचा, आणि त्याही अशा की ज्या सकाळी घरी लोकमत, सकाळ, देशदूतला वाचून झाल्यात. लासलगावला कांद्याचे लिलाव बंद पडले, शेतकऱ्यांनी हायवे अडवला, गंगापूर धरणातून पाणी सोडलं, रामकुंडावरचं पाणी वाढलं. हे सगळं तुम्हाला माहितीये, काही जणांच्या घरातला तर तो कांदा आहे. लिलावाला ऑक्शन, आवकेला अरायव्हल्स, विसर्गाला डिस्चार्ज, हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत. निफाडचा एक मुलगा मला म्हणाला होता, मॅडम बाजार समितीची बातमी मी इंग्रजीत वाचतो आणि पेपरवाल्याची चूक पण काढतो, त्याने क्विंटल आणि किलोत घोळ केलाय. असा वाचक पाहिजे.

हेडलाइनचं व्याकरण मात्र वेगळं असतं ते आधी समजून घ्या नाहीतर गोंधळ होतो. फार्मर्स ब्लॉक हायवे असं लिहिलं असेल तर ते रोज अडवतात असा अर्थ नाही, काल अडवला. वर्तमानकाळ दिसतो पण घडून गेलेलं असतं. मिनिस्टर टू व्हिजिट नाशिक म्हणजे मंत्री येणार आहेत, अजून आलेले नाहीत. आणि ए, द, इज, वॉज हे जागा वाचवायला गाळलेलं असतं, म्हणून हेडलाइन बघून वाक्यं करायला शिकू नका. खालचा पहिला पॅरा वाचा, बातमीचा जीव तिथेच असतो, कोण, काय, कुठे, कधी सगळं त्याच दोन वाक्यांत. सुरुवातीला तेवढंच वाचून थांबलात तरी चालेल. रोज तीन बातम्यांचे तीन पहिले पॅरे.

क्रिकेट ज्यांना आवडतं त्यांनी क्रिकेट वाचा, त्यात विचारायचंच काय.

एखाद्या विषयाची माहिती पाहिजे असेल तर सिम्पल इंग्लिश विकिपीडिया म्हणून वेगळा विकिपीडिया आहे, मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहिलेला. लेख छोटे असतात, काही अगदीच तीन ओळींचे, पण सेमिनारची सुरुवात तिथून करून मग मोठ्या लेखाकडे गेलात तर मोठा लेख निम्मा सोपा वाटतो.

पायरी ५: आपल्या विषयाचं इंग्रजी, हे दुसऱ्या सेमिस्टरला

पहिल्या सेमिस्टरला गोष्टी आणि बातम्या. दुसऱ्यापासून रेफरन्स बुककडे बघायला लागा. इथे अडतात ते शब्द विषयाचे नसतात, हे लक्षात ठेवा. बीकॉमवाल्याला डेप्रिसिएशन कळतं, बीएस्सीवाल्याला ऑक्सिडेशन कळतं, सरांनी शिकवलेलं असतं. अडतं ते अस्यूम, इंडिकेट, डिराइव्ह, व्हेरी, सिग्निफिकंट असल्या शब्दांना, जे सगळ्याच विषयांत येतात म्हणून कुणीच शिकवत नाही, प्रत्येक सरांना वाटतं दुसऱ्या सरांनी शिकवलं असेल. अव्हेरिल कॉक्सहेड या भाषासंशोधक बाईंनी २००० मध्ये या शब्दांची ५७० शब्दकुटुंबांची यादी काढली, अकॅडमिक वर्ड लिस्ट म्हणतात, नेटवर सहज मिळते. कॉलेजच्या पुस्तकांत साधारण दहावा शब्द या यादीतला असतो. यादी पाठ करू नका. प्रिंट काढून ठेवा आणि वाचताना भेटलेल्या शब्दावर टिक करा, कुणाला किती टिका झाल्या हे बघायला बरं वाटतं.

पुस्तक निवडताना एकाच टॉपिकवर दोन पुस्तकं घ्या, एक सोपं एक मोठं. सोपं म्हणजे अकरावी-बारावीचं एनसीईआरटी, ती पण फुकट उतरवता येतात. डिमांड-सप्लाय आधी एनसीईआरटीत वाचा, मग तुमच्या सिलॅबसच्या पुस्तकात. दुसऱ्या वेळी शब्द तेच भेटतात.

कॉलेजने एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-बुक्स आणि ई-जर्नल्स पुरवणाऱ्या सरकारी योजनेचं, सभासदत्व घेतलेलं असेल तर विद्यार्थ्यांना पण ई-बुक्सचं लॉगिन मिळतं, लायब्रेरियनना विचारा. ही गोष्ट थर्ड इयरपर्यंत बऱ्याच जणांना माहीतच नसते.

डिक्शनरीबद्दल थोडं

पहिल्या वाचनात हात लावायचा नाही. शब्द अडला तर पेन्सिलीने खाली टिंब द्या आणि पुढे जा, वर अर्थ लिहायचा नाही, अर्थ लिहिला की डोळा इंग्रजी सोडून मराठीच वाचतो, ते अकरा पानवालं दुखणं तेच आहे. प्रकरण संपल्यावर टिंबं बघा, अर्धी टिंबं तोपर्यंत आपोआप सुटलेली असतात. राहिलेल्यांपैकी जो शब्द दोनदा तीनदा आला तेवढाच बघा, बाकी जाऊ द्या.

डिक्शनरी लर्नर्स घ्या. म्हणजे शिकणाऱ्यांसाठीची. लाँगमनने १९७८ मध्ये जी काढली तिच्यात सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच समजावायचे असा नियम केला होता, त्यामुळे अर्थ बघायला गेलो आणि त्या अर्थामध्येच तीन नवे शब्द अडले असं होत नाही. फोनवरच्या कॅमेऱ्याने पानच्या पान मराठीत करून घेणारे पण असतात, मला दाखवतात कौतुकाने. ते वाचन नाही, ते मराठी वाचन आहे आणि तेही वाईट मराठी.

नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी एक पॅरा

सत्तर मुलांच्या वर्गाला एकच पुस्तक लावू नका. निम्म्यांना ते अवघड असणार आणि दहा जणांना कंटाळवाणं. टेबलावर वीस-पंचवीस पातळ पुस्तकं पसरा आणि त्यांना बोटं मिटत उचलू द्या. आणि वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं, सारांश, व्यक्तिरेखा असलं काही मागू नका, एवढंच विचारा की मित्राला दे म्हणशील का. मी पहिल्या वर्षी सारांश मागितला होता, एकाच हस्ताक्षरातले नऊ आले.

वही आणि सोडून द्यायचा हक्क

एक छोटी वही करा. तारीख, पुस्तक, किती पानं, बस्स. अभिप्राय वगैरे काही नको. आठवड्याला एक पातळ पुस्तक जमलं तर उत्तम, पंधरा दिवसांना एक तरी ठीक. एका विषयात गोडी लागली, भुताच्या गोष्टी, गुन्हेगारी, काही पण, तर त्याच विषयाची सलग चार-पाच घ्या, तेच शब्द फिरून येतात.

आणि आवडलं नाही तर सोडा. सुरू केलं म्हणून संपवलंच पाहिजे हे आपल्याकडे जेवणाच्या ताटासारखं झालंय, टाकायचं नाही म्हणे. पुस्तक टाकलं तर कुणी उपाशी राहत नाही. दहा पानांत मन लागलं नाही तर वहीत फुली मारा आणि परत करा, लायब्ररीचं असेल तर तारखेच्या आत करा, दंडाचे पैसे वडापावाला येतात.

त्या सुरगाण्याच्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्याने ते जाड पुस्तक काही दिवस बॅगेतच ठेवलं, फेकवेना, पैसे घातलेले ना. मधल्या काळात त्याच्या वहीत सतरा नावं झाली, त्यातल्या तीनवर फुल्या. मार्चमध्ये परीक्षेच्या आधी तो स्टाफरूमच्या दारात आला, तेच पुस्तक काढलं, बारावं पान उघडलं आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या शंभर शब्द मोजत बोटं मिटायला लागला. एका हाताची पाच मिटली, दुसऱ्या हाताचं एक. सहा. थोडा वेळ बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, अजून नाही मॅडम, एसवायला बघू. पुस्तक परत बॅगेत टाकलं आणि खालच्या कप्प्यातून स्टेज ४ चं काढून जिन्यावरच वाचत बसला.